अडतीस वर्षांची फाईल

३० एप्रिल २०२४ ला मी गोवा सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाले. एलडीसी, म्हणजे कनिष्ठ कारकून, म्हणून लागले होते, हेड क्लार्क म्हणून बाहेर पडले. दुसऱ्यांच्या फाईली हाताळण्यात जन्म गेला, तरी स्वतःची पेन्शनची फाईल समोर आल्यावर गोंधळायला झालंच. नियम मिळत होते, फॉर्म मिळत होते. पण घरात काय काय शोधावं लागतं, नवऱ्याशी काय बोलावं लागतं, पैसे कधी हातात येतात, हे सांगणारं कुणी भेटलं नाही. म्हणून हे लिहून ठेवते.

सुरुवात २०१९ मध्ये झाली. पेडण्याच्या हायस्कुलातली माझी एक वर्गमैत्रीण अकाउंट्समध्ये होती. तिचा फोन आला. ‘सर्व्हिस बुक बघितलंस का गो? पाच वर्षं राहिली तुझी.’ निवृत्तीला पाच वर्षं उरली की झालेल्या सेवेची पडताळणी करून घ्यायची, अशी तरतूद पेन्शनच्या नियमांत आहे. बहुतेक जण ती शेवटच्या वर्षावर ढकलतात. मैत्रीण ऐकणाऱ्यातली नव्हती. तिच्या आग्रहाखातर मी एस्टॅब्लिशमेंट सेक्शनला अर्ज केला आणि दोन आठवड्यांनी एका टेबलाशी बसून माझं सर्व्हिस बुक, म्हणजे नोकरीतल्या सगळ्या नोंदींचं पुस्तक, पहिल्यापासून वाचायला घेतलं.

पहिल्या पानावर शिक्का ‘गोवा, दमण आणि दीव सरकार’चा. गोवा घटक राज्य ३० मे १९८७ ला झालं, मी त्याच्या वर्षभर आधी, १६ जून १९८६ ला रुजू झाले होते. दोन वेण्या घातलेला फोटो, उजव्या भुवईवरची तिळाची खूण, दहा बोटांचे ठसे. जन्मतारीख एसएससीच्या सर्टिफिकेटावरून घेतलेली. १९८० ची दहावी, गोवा बोर्डाची. चौथीपर्यंत मराठीतून शिकलेली आमची अख्खी बॅच पाचवीला एकदम इंग्रजीत जाऊन पडली होती. दहावीला पास झालो हेच पुष्कळ वाटलं होतं. पुढे बी. कॉम. केलं, तर पदवीवर नाव मुंबई विद्यापीठाचं, कारण गोवा विद्यापीठ १९८५ चं आणि मी त्याआधीच्या व्यवस्थेतली.

मला खरं तर मुंबईला जाऊन पुढे शिकायचं होतं. वडिलांनी एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये नाव घातलं आणि म्हापशाच्या टायपिंग क्लासची फी भरली. माझं मत कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. कॉल आला, परीक्षा झाली, नोकरी लागली. तेव्हा मनात थोडा राग होता. पुढे २०१२ मध्ये तो राग आपोआप मावळला. ते क्रमाने येईलच.

रुजू होऊन तीन आठवडे होतात न होतात तोच ५ जुलै १९८६ ला मांडवीवरचा पूल कोसळला. पेडण्याहून म्हापसा, म्हापशाहून बेती आणि बेतीहून फेरीबोटीने पणजी, असा प्रवास सुरू झाला. भर पावसात फेरीबोटीच्या रांगेत उभं राहून ऑफिसात पोचायचं आणि ओल्या साडीने मस्टरवर सही करायची. नवा पूल १९९२ मध्ये झाला, तोवर माझं लग्न होऊन मी फोंड्याला गेले होते.

आता कामाचं. सर्व्हिस बुक वाचताना प्रत्येक वर्षाखाली ‘सेवा पडताळली’ अशी नोंद आणि अधिकाऱ्याची सही आहे का, ते बघायचं. माझ्या पुस्तकात १९९०-९१ या वर्षाखाली जागा कोरी होती. त्याच वर्षी माझी एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात बदली झाली, आणि जुन्या ऑफिसाने समजलं नवं करील, नव्याने समजलं जुन्याने केलं असेल. जुन्या ऑफिसकडे त्या वर्षीची पगारबिलं मागितली तर ती नव्हती. इतक्या वर्षांपूर्वीची बिलं कोण ठेवतो! मग वडिलांच्या जुन्या ट्रंकेत शोधाशोध केली. वडील जीपीएफची, म्हणजे पगारातून कापल्या जाणाऱ्या भविष्यनिर्वाह निधीची, प्रत्येक वर्षाची स्लिप दोऱ्याने बांधून ठेवत. १९९०-९१ च्या स्लिपवर बाराही महिन्यांची कपात होती. कपात झाली म्हणजे पगार निघाला, पगार निघाला म्हणजे माणूस नोकरीत होता. स्लिपची झेरॉक्स, माझं लेखी निवेदन आणि त्या काळात बरोबर काम केलेल्या दोन जणांच्या सह्या, एवढ्यावर कोरी जागा भरली गेली. याला सात महिने लागले. हेच शेवटच्या वर्षी निघालं असतं तर निवृत्तीनंतरही मी फेऱ्या मारत बसले असते. तुमच्याकडे जीपीएफच्या जुन्या स्लिपा असतील तर रद्दीत घालू नका.

रजेच्या पानांवर जास्त वेळ गेला. १९९२ ची बाळंतपणाची रजा, नव्वद दिवस. तेव्हा तेवढीच मिळायची. ९१ व्या दिवशी मुलीला सासूबाईंच्या मांडीवर ठेवून मी कदंबच्या बसमध्ये बसले होते. नंतर १९९६ मध्ये चार महिन्यांची बिनपगारी रजा, आणि तिच्यापुढे लाल शाईने ‘पेन्शनसाठी सेवा धरू नये’. सासूबाई न्हाणीत पडून मांडीचं हाड मोडलं होतं, घरात चार वर्षांची मुलगी आणि दीड वर्षाचा मुलगा. बिनपगारी रजा स्वतःच्या आजारपणाच्या दाखल्यावर घेतली तर सेवेत धरतात, घरच्यांसाठी घेतली तर सहसा धरत नाहीत. पेन्शनला माझं काही नुकसान झालं नाही, कारण पूर्ण पेन्शनला दहा वर्षं पुरतात आणि ग्रॅच्युइटीचा हिशेब तेहतीस वर्षांपर्यंतच होतो. तरीही ती लाल ओळ वाचल्यावर मला टेबलावरून उठून पाणी प्यावं लागलं. उभ्या आयुष्यात मी सगळ्यांत जास्त काम केलं असेल तर त्या चार महिन्यांत.

मग आला लग्नाचा कागद. फॅमिली पेन्शनसाठी, म्हणजे आपल्यामागे घरच्यांना मिळणाऱ्या पेन्शनसाठी, नवऱ्याचं नाव, जन्मतारीख, दोघांचा एकत्र फोटो आणि लग्नाचं सर्टिफिकेट लागतं. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. आमच्याकडे पोर्तुगीज काळापासून लग्नाची नोंद सिव्हिल रजिस्ट्रारकडे होते आणि कायद्याने तेच लग्न. वधूवर दोघांनी जाऊन आधी एक सही करायची, मग हरकतींसाठी मधले दिवस सोडायचे आणि त्यानंतर साक्षीदारांसह दुसरी सही. दुसरी सही राहून गेली तर देवळात पाचशे माणसं जेवून गेलेली असली तरी नोंद अपुरीच. आमची पहिली सही जानेवारी १९९० मध्ये, दुसरी फेब्रुवारीत आणि मांडव पडला मे महिन्यात. दुसऱ्या सहीच्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती, ह्यांनी कंपनीतून दोन तासांची सवलत घेतली होती. सह्या झाल्यावर बाहेर येऊन आम्ही सोडा प्यायलो आणि आपापल्या बसने गेलो. कायद्याने नवरा-बायको झालो होतो, घरच्यांच्या हिशेबी अजून तीन महिने परके.

सर्टिफिकेट मिळायला अडचण नव्हती. अर्ज आणि फी भरल्यावर नक्कल आठवड्याभरात हातात आली. घोळ होता नावात. ह्यांचा जन्म १९६० चा, म्हणजे गोवा मुक्त होण्याआधीचा. जन्माची नोंद पोर्तुगीजमध्ये आणि आडनाव त्या पद्धतीने लिहिलेलं, शेवटी ‘के’च्या जागी ‘क्यू-यू-ई’. लग्नाच्या नोंदीत तेच उतरलं. आधार, पॅन आणि बँकेत मात्र ‘के’. घरात तीस वर्षं कुणाचं त्यावाचून अडलं नव्हतं, फाईलीत अडलं. शेवटी दोन्ही नावांची व्यक्ती एकच, असं प्रतिज्ञापत्र नोटरीसमोर केलं. स्टॅम्प पेपर, टायपिंग आणि नोटरी धरून सहाशेच्या आत काम झालं. मूळ प्रती तीन करून घ्या, प्रत्येक ठिकाणी ती मूळच मागतात.

एक मात्र आधी नीट कळलं नव्हतं. नॉमिनेशन आणि फॅमिली पेन्शन या वेगळ्या गोष्टी आहेत. ग्रॅच्युइटी आणि जीपीएफला नॉमिनी लागतो. फॅमिली पेन्शन नियमाप्रमाणे आधी जोडीदाराला जाते, तिथे आपली मर्जी चालत नाही. माझ्या जीपीएफच्या कागदावर अजून आईचं नाव होतं. लग्नाआधी भरलेला तो फॉर्म. आईला जाऊन अकरा वर्षं झाली होती.

शेवटच्या वर्षातला सगळ्यांत अवघड निर्णय कम्युटेशनचा. म्हणजे पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी पैसे घ्यायचे. जास्तीत जास्त चाळीस टक्के विकता येतात. समजा शेवटचं मूळ वेतन ६०,००० आहे. पेन्शन त्याच्या निम्मी, ३०,०००. चाळीस टक्के म्हणजे महिना १२,००० सोडले, तर साठाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्याला ८.१९४ या गुणकाने सुमारे ११ लाख ८० हजार मिळतात. सोडलेला भाग पंधरा वर्षांनी परत सुरू होतो. महागाई भत्ता मधल्या काळातही पूर्ण ३०,००० वरच मिळतो. पंधरा वर्षांत सोडलेले पैसे मोजले तर ते २१ लाख ६० हजार होतात. म्हणजे साधारण नऊ टक्के व्याजाने काढलेलं कर्ज झालं.

हा हिशेब मी रात्री जेवणानंतर कागदावर मांडला. ह्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि म्हणाले, ‘आमचेच पयशे आमकां उसने?’ मी म्हटलं, दुसरी बाजूही बघा. मी मध्येच गेले तर उरलेली वसुली थांबते, तुमच्या फॅमिली पेन्शनीला हात लागत नाही. त्यांना हा विषय आवडला नाही. उठून गेले. दोन दिवस आम्ही भाजी-मासळीपलीकडे काही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनीच कागद पुढे ओढला. घराच्या दुरुस्तीला जेवढे लागणार होते तेवढ्यापुरते, म्हणजे वीस टक्के विकायचे ठरलं. ज्यांच्यावर कर्ज आहे त्यांनी चाळीस घ्यावेत; बाकीच्यांनी निव्वळ सगळे घेतात म्हणून घेऊ नयेत, असं माझं मत. अर्ज निवृत्तीआधीच दिला. निवृत्तीनंतर एका वर्षाच्या आत दिला तरी मेडिकल लागत नाही.

ह्यांना विषय का आवडला नाही ते मला ठाऊक होतं. ह्यांची नोकरी खाणीवरची, उसगाव भागात वजनकाट्याच्या ऑफिसात. लग्न ठरलं तेव्हा ह्यांचा पगार माझ्या दीडपट होता आणि लोक म्हणत, हिला नोकरीची गरज काय? खनिजाचे भाव चढले त्या वर्षांत रस्त्यावर ट्रकांची रांग तुटायची नाही, दिवाळीचा बोनस हातात मावायचा नाही. फोंड्याचा फ्लॅट २००३ मध्ये घेतला तो त्याच जोरावर. १० सप्टेंबर २०१२ ला सरकारने खाणी थांबवल्या, पुढच्याच महिन्यात सुप्रीम कोर्टाचा आदेश आला. ह्यांचा पगार आधी निम्मा झाला, मग पुढच्या वर्षभरात तोही थांबला. मुलगी इंजिनिअरिंगला, मुलगा अकरावीत. त्या काळात घर माझ्या पगारावर चाललं. मधे खाणी पुन्हा सुरू झाल्या, ह्यांना परत बोलावलं, आणि मार्च २०१८ मध्ये कोर्टाच्या निकालाने सगळं पुन्हा बंद. त्याच वर्षी ह्यांना ५८ पूर्ण झाली. निरोप समारंभ नाही, नारळ-शाल नाही. एका सोमवारी गेले नाहीत, एवढंच.

ह्यांची पेन्शन ईपीएस-९५ ची, म्हणजे खासगी नोकरदारांच्या पेन्शन योजनेची. ती महिना दोन हजारांपेक्षा थोडी अधिक येते. हिशेबाला धरायचा पगार कायद्याने आधी ६,५०० आणि सप्टेंबर २०१४ पासून १५,००० पर्यंतच धरला जातो, त्यामुळे प्रत्यक्ष पगार कितीही असला तरी रक्कम एवढीच निघते. खासगी नोकरीतल्यांनी हा आकडा पन्नाशीतच काढून बघावा. आम्ही बघितला नव्हता, बघायचं सुचलंही नव्हतं.

मार्च २०२४ पर्यंत माझे कागद पुढे गेले. एप्रिलमध्ये निवडणूक ड्यूटीच्या प्रशिक्षणाचं पत्र माझ्या नावावर आलं. मतदान ७ मे ला, मी घरी बसणार ३० एप्रिलला! निवृत्तीच्या ऑर्डरची प्रत जोडून नाव कमी करून घेतलं. आयुष्यभर निवडणुकीच्या मतपेट्या आणि मग यंत्रं वाहिली, या खेपेला टीव्हीपुढे बसले. ग्रंथालयाचं, अग्रिमांचं, क्वार्टरचं असं नो ड्यूजचं, म्हणजे आपलं काही देणं बाकी नाही याचं, सह्यांचं सत्र शेवटच्या महिन्यात चालतं. त्यासाठी त्या महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात कागद फिरवायला घ्या, कारण सही करणारा माणूस नेमका रजेवर असतो.

शेवटच्या दिवशी मी रडणार नाही असं ठरवलं होतं. भाषणांत काही झालं नाही. पण शिपाई मामांनी माझी बाटली, छत्री आणि कुंडीतली तुळस गाडीपर्यंत आणून दिली आणि ‘बाई, उद्या सकाळी चावी कुणाकडे देऊ?’ असं सवयीने विचारलं, तेव्हा डोळे भरले.

पैसे एकाच वेळी येत नाहीत, हे मनाशी पक्कं धरून चाला. जीपीएफ मे अखेरीस आला. तीनशे दिवसांच्या शिल्लक रजेचे पैसे जूनमध्ये. पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, जुलैच्या मध्यावर हातात पडला आणि पहिली पेन्शन मागच्या थकबाकीसह त्यानंतर जमा झाली. ग्रॅच्युइटी आणि कम्युटेशन तिच्या मागोमाग. म्हणजे तीन महिने पगारही नाही, पेन्शनही नाही. निदान चार महिन्यांचा खर्च बाजूला काढलेला असावा. पीपीओ आला की ताबडतोब जन्मतारीख, जोडीदाराचं नाव, कम्युटेशनची रक्कम आणि फॅमिली पेन्शनचे आकडे तपासा.

पैसे आल्यावर बँकेतली मुलं गोड बोलून विमा गळ्यात घालायला बघतात. मी सहा महिने सगळं साध्या मुदत ठेवीत ठेवलं आणि कुणाला काही विचारलं नाही. त्या व्याजाबाबत गोव्याची एक खास गोष्ट आहे. इथल्या कायद्याने, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर, नवरा-बायकोची मालमत्ता दोघांची मिळून असते, प्रत्येकाची अर्धी. म्हणून प्राप्तिकराच्या १९६१ च्या कायद्यातल्या कलम ५ए खाली ठेवींचं व्याज दोघांच्या रिटर्नमध्ये निम्मं निम्मं दाखवायचं असतं. पेन्शन पगारात मोडते, ती वाटली जात नाही. साधा ‘सहज’ फॉर्म आपल्याला चालत नाही, जोडीदाराचा पॅन घालून शेड्यूल ५ए भरावं लागतं. गोव्याबाहेरच्या सीएला हे बहुधा सांगावं लागतं. आमच्या मुलीच्या पुण्याच्या सीएला मी फोनवर समजावलं. तो आधी हसला, मग कलम उघडून बघून गप्प झाला.

नोव्हेंबरमध्ये पहिला हयातीचा दाखला दिला. ह्यांचा ईपीएसचा दाखला वर्षात कधीही देता येतो, दिलेल्या तारखेपासून वर्षभर चालतो. ह्यांच्या बोटांचे ठसे मशीन घेईना, मग मुलाने मोबाइलवर चेहरा दाखवून काम केलं. उजेडाकडे तोंड करून बसा आणि डोळ्यांची उघडझाप करा. ह्यांनी दोन्ही डोळे घट्ट मिटून घेतले आणि मोबाइलने नकार दिला. आम्ही सगळे हसून बेजार.

आता मृत्युपत्राचं राहिलंय. इथे मुलं असली तर आपल्या वाट्याच्या निम्म्या भागावर त्यांचा हक्क राखलेला असतो, उरलेल्या निम्म्याचंच आपण ठरवू शकतो. फ्लॅट दोघांचा, त्यामुळे दोघांची वेगवेगळी मृत्युपत्रं करायची आहेत. ह्यांचं म्हणणं, पावसाळा सरल्यावर बघू. माझं म्हणणं, बघू तेव्हा बघू, पण पोर्तुगीज नोंदीची नक्कल आणि त्या प्रतिज्ञापत्राची आणखी एक मूळ प्रत या आठवड्यातच काढून ठेवते, कारण ती मागितल्याशिवाय कुणी राहणार नाही.